हापूस एकच, रायवळ हजार

वाशीच्या घाऊक बाजारात एप्रिलच्या मध्याला पेट्यांच्या थप्प्या लागतात. देवगड, रत्नागिरी, राजापूर, अलिबाग. पेटीवरचं गाव वेगळं, बागायतदार वेगळा, भावही वेगळा. जनुकांच्या हिशेबात मात्र या सगळ्या पेट्यांमध्ये जवळजवळ एकाच झाडाचे आंबे भरलेले असतात. काही शतकांपूर्वी कुठल्याशा कोयीतून एक रोप उगवलं, त्याचं झाड झालं, त्याची फळं कुणाला तरी फार आवडली आणि तेव्हापासून त्या झाडाच्या काड्या कलम करत करत पुढे नेल्या गेल्या. आंब्याची कलमं बांधण्याला पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात जोर आला आणि हापूसही तिथूनच पसरला. आज कोकणात उभी असलेली हापूसची लाखो झाडं म्हणजे त्या एका झाडाचीच वाढ आहे. मधल्या शतकांत एखाद्या फांदीत बारीकसारीक बदल झाले असतील, म्हणून फक्त ‘जवळजवळ’ म्हटलं.

एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली, तर आंब्याच्या संशोधनात सतत भेटणाऱ्या दोन अवघड कल्पना सुटसुटीत होतात. एक जनुकीय विविधता आणि दुसरी हेरिटॅबिलिटी, म्हणजे आनुवंशिकतेचं प्रमाण. दुसरीबद्दल गैरसमज फार आहेत, त्यामुळे तिच्याकडे जरा सावकाश जाऊ. आधी कोय बघू.

हापूस खाऊन कोय कुंडीत लावली तर हापूस येईल का, हा प्रश्न मुंबईत दर मे महिन्यात कुणी ना कुणी विचारतंच. नाही येत. आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रं असतात, म्हणजे २० जोड्या. जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून आलेलं, एक बापाकडून, आणि हापूसमध्ये हे दोघं बऱ्याच ठिकाणी एकमेकांपेक्षा वेगळे आहेत. फुलात बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतलं कुठलं तरी एकच पुढे जातं. २० जोड्यांमधून एकेक उचलायचं तर दहा लाखांहून जास्त प्रकारे उचलता येतं. परागकणाकडूनही तितकेच प्रकार. दोन्ही मिळून होणारे मेळ एक लाख कोटींच्या वर जातात, आणि गुणसूत्रं आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात ती यात धरलेलीच नाही. त्यात हापूसला स्वतःचा पराग फारसा मानवत नाही. त्यामुळे कोयीतल्या गर्भाचा बाप बहुधा शेजारचा पायरी, केसर किंवा बांधावरचा रायवळ असतो. नुसत्या हापूसच्या बागेत मधूनमधून दुसऱ्या जातीची काही कलमं लावायला सांगतात, ती याच कारणाने.

बाप कुणीही असला तरी आपण खातो तो गर आणि साल पूर्णपणे आईच्या झाडाची असते. पायरीचा पराग पडला म्हणून हापूसची चव बदलत नाही. मिश्रण होतं ते फक्त कोयीच्या आतल्या गर्भात. ती कोय रुजली की जगात आजवर नसलेलं एक नवं झाड उभं राहतं. त्यालाच आपण रायवळ म्हणतो.

याला अपवाद आहेत. आग्नेय आशियातल्या पुष्कळ आंब्यांच्या आणि केरळ-कर्नाटक किनाऱ्यावरच्या ओलूर, कुरुक्कन, बाप्पाकाई अशा जातींच्या एका कोयीतून अनेक रोपं फुटतात. त्यांतली बहुतेक आईच्याच ऊतीतून आलेली, म्हणजे हुबेहूब आईसारखी निघतात. तिथे कोय लावणं हेच जवळपास कलम करणं. आपल्या हापूस, पायरी, केसर, दशहरी, लंगडा यांचं तसं नाही. एक कोय, एक रोप, आणि ते रोप नवंच.

भारतात आंब्याच्या हजाराच्या आसपास नावाजलेल्या जाती सांगितल्या जातात. त्यांतली जवळजवळ प्रत्येक जात अशीच एखाद्या परसातल्या किंवा बांधावरच्या रायवळापासून सुरू झाली. माणसाने ती घडवली नाही, त्याने ती ओळखली आणि कलम बांधून राखली. रायवळ म्हणजे हलका आंबा, हे मुंबईतल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलेलं समीकरण मला म्हणूनच फार खटकतं. हापूससुद्धा जन्माने रायवळच आहे.

आता हेरिटॅबिलिटी. समजा, देवगडला ५०० हापूस कलमांची बाग आहे. प्रत्येक झाडाच्या फळांचं सरासरी वजन काढलं. एका झाडाचं २२० ग्रॅम निघालं, दुसऱ्याचं २६०, तिसऱ्याचं २९०. झाडाझाडांत हा फरक कशामुळे पडला? कातळावर माती कमी, कुणाला ऊन जास्त, कुणावर यंदा फळांचा भार जास्त, कुणाचं वय जास्त. जनुकं तर सगळ्यांची एकच. म्हणजे या बागेत दिसणाऱ्या फरकाचं श्रेय जनुकांना शून्य टक्के जातं. या बागेत फळाच्या वजनाची हेरिटॅबिलिटी शून्याच्या जवळ आहे. (काटेकोर बोलायचं तर खाली जमिनीतला खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं ते मुळाकडचं रोप, रायवळ कोयीचा असतो आणि प्रत्येकाचा वेगळा असतो. त्याच्यामुळे थोडा जनुकीय फरक तिथून शिरतो.)

आता शेजारी दुसरी बाग धरा. तिथे ५०० रायवळ झाडं आहेत, सगळी कोयीची. एकाचं फळ ९० ग्रॅमची बिटकी, दुसऱ्याचं चारशे ग्रॅमचं. जमीन तीच, पाऊस तोच, खतही तेच. इथे दिसणारा बहुतेक फरक जनुकांचा आहे आणि हेरिटॅबिलिटी खूप वर जाईल.

गुण एकच, फळाचं वजन. एका बागेत आकडा शून्य, दुसऱ्या बागेत भरपूर. हेरिटॅबिलिटी हा गुणाला कायमचा चिकटलेला आकडा नव्हे. एखाद्या ठरावीक समूहात, ठरावीक परिस्थितीत, झाडाझाडांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती हिस्सा जनुकांमुळे आहे, एवढंच तो सांगतो. ‘फळाचं वजन ७० टक्के आनुवंशिक आहे’ असं वाचलं की २५० ग्रॅमच्या आंब्यातले १७५ ग्रॅम जनुकांनी दिले आणि बाकीचे मातीने, असा अर्थ लावला जातो. तो चुकीचा आहे. एका फळाबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही, तो फरकाबद्दल बोलतो. फरकच नसेल तर त्याला बोलायला विषयच उरत नाही. विविधता आणि हेरिटॅबिलिटी यांची गाठ अशी घट्ट आहे.

हा आकडा काढायचा कसा, यात कलम फार उपयोगी पडतं. तीस जाती घ्यायच्या, प्रत्येकीची चार-चार कलमं बांधायची आणि ती बागेत विखरून लावायची. एकाच जातीच्या चार कलमांमध्ये जो फरक पडेल तो जमिनीचा, पाण्याचा, उन्हाचा. जातीजातींमध्ये त्यापलीकडे जो फरक उरेल तो जनुकांचा. असा प्रयोग एकाच जागी, एकाच हंगामात केला तर आकडा फुगलेला येतो, कारण त्या वर्षी त्या जागेला जी जात मानवली तिचं कौतुक जनुकांच्या खात्यावर जमा होतं. दोन-चार ठिकाणी, पाच-सहा वर्षं मोजलेला आकडा विश्वासाचा. सहसा फळाचं वजन, आकार, गराचा रंग या गुणांची हेरिटॅबिलिटी वरच्या अंगाला दिसते. झाडाला एकूण किती फळं लागतात याची बरीच खाली येते. ज्याने अवकाळी पावसात मोहोर काळा पडताना किंवा तुडतुड्यांनी खाल्लेला पाहिला आहे त्याला याचं नवल वाटणार नाही.

वेगळी जमीन आणि वेगळं हवामान काय करतं याचा नमुना मुंबईच्या बाजारातच मिळतो. गेल्या काही वर्षांपासून नोव्हेंबर-डिसेंबरात आफ्रिकेतल्या मालावीहून हापूस येतो. दक्षिण गोलार्धात हंगाम उलटा. कर्नाटकातून येणारा बदामी म्हणून ओळखला जाणारा आंबाही हापूसच. जनुकं तीच असताना खाणाऱ्याला फरक कळतो, म्हणजे तो फरक जागेचा. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्याचा आधार याच फरकात आहे. मानांकन जागेला असतं, जनुकाला नसतं. म्हणून कर्नाटकच्या आंब्यावर ‘देवगड’ छापून विकणाऱ्याला साध्या डीएनए तपासणीने पकडणंही सोपं नाही, कारण जात दोन्हीकडे एकच आहे.

नवी जात काढणाऱ्याला हेरिटॅबिलिटीचा उपयोग काय, हे एका साध्या हिशेबाने कळतं. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. एका समूहात फळाचं सरासरी वजन २०० ग्रॅम आहे. त्यातून सरासरी ३०० ग्रॅमची झाडं निवडून त्यांचाच आपसात संकर केला. निवड १०० ग्रॅमने वर. पुढच्या पिढीला या निवडीतला आनुवंशिक हिस्सा पोचला ०.६, तर तिची सरासरी २६० ग्रॅम येईल. हिस्सा ०.२ असेल तर फक्त २२० ग्रॅम. मेहनत तितकीच, वर्षं तितकीच, मिळकत एक तृतीयांश. कुठल्या गुणामागे धावायचं आणि कुठला गुण खत-पाणी-छाटणीने सुधारायचा, हे आधी ठरवता येतं. आंब्यात हे आधी ठरवणं फार महत्त्वाचं, कारण कोयीच्या झाडाला पहिलं फळ धरायलाच पाच ते आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात.

संकर करणंही जिकिरीचं. आंब्याच्या एका मोहोरात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात, त्यांतली बरीचशी नुसती नर फुलं. उभयलिंगी फूल शोधायचं, त्याचा पुंकेसर चिमट्याने काढायचा, हव्या त्या झाडाचा पराग लावायचा, पिशवी बांधायची. एवढं करून बहुतेक फुलं गळून जातात. जी थोडी फळं टिकतात त्यांत प्रत्येकी एकच कोय. भात-गव्हाच्या संशोधकाला एका हंगामात हजारो दाणे तपासता येतात. आंबेवाल्याच्या हातात मूठभर कोयी येतात.

असं असतानाही वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात जे काम झालं त्याचा कोकणाने अभिमान बाळगावा. हापूसची दोन मोठी दुखणी. एक, तो बहुधा वर्षाआड भरघोस धरतो. दुसरं साका, म्हणजे वरून देखणं फळ कापलं की आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर. जमिनीतून उसळणाऱ्या उष्णतेशी साक्याचा संबंध लावतात, आणि फळ झाडावर असतानाच आतलं बी रुजण्याची तयारी करू लागतं, हेही त्याचं एक कारण दिसून आलं आहे. दक्षिणेतली नीलम दरवर्षी धरते आणि तिच्यात साका होत नाही. म्हणून नीलम आणि हापूस यांचा संकर केला आणि त्यातून निवडलेली ‘रत्ना’ जात १९८१ मध्ये दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिली. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये ‘सिंधू’ आली. हिच्यात कोय अगदी पातळ, नावापुरती. सिंधूत हापूसचा वाटा सरासरीने तीन चतुर्थांश धरता येईल.

मग रत्नाने मुंबईत हापूसची जागा का घेतली नाही? साका न होणं हा एक गुण, तो रत्नात उतरला. हापूसचा दरवळ मात्र एका गुणाचा मामला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या सुगंधावर बरीच वर्षं काम झालं आहे. त्यात लॅक्टोन, फ्युरानोन, टर्पीन अशा गटांतली अनेक द्रव्यं सापडतात आणि प्रत्येक द्रव्य बनवण्यामागे वेगवेगळी जनुकं असतात. ही सगळी जनुकं हापूसमध्ये एका विशिष्ट मेळात बसली आहेत. संकरात पत्ते पुन्हा पिसले जातात आणि तो मेळ सुटतो. गुणाची हेरिटॅबिलिटी मोठी असूनही मेळ हातचा जाऊ शकतो.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा, कारण आंब्याचं सगळं शास्त्र त्याच्यावर उभं आहे. जनुकांचा प्रभाव दोन तऱ्हांनी पडतो. काही जनुकं आपापला वाटा सरळ भर घालत देतात. हा वाटा आई-बापाकडून मुलांकडे भरवशाने जातो. काहींचा परिणाम मात्र कुणाची जोडी कुणाशी जमली यावर ठरतो; ती जोडी पुढच्या पिढीत फुटते. संकरासाठी आई-बाप निवडताना पहिला वाटा पाहायचा. पण कोयीच्या शंभर रोपांत एखादं विलक्षण निघालं, तर त्याचा पहिला आणि दुसरा, दोन्ही वाटे कलमाने जसेच्या तसे राखता येतात. गहू-ज्वारीत बियाणंच पेरावं लागतं म्हणून ही सोय नाही. आंब्यात एकच झाड जमलं तरी पुरतं. हापूस हेच ते जमलेलं एक झाड.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दोन जाती आल्या. एकीत आई नीलम, दुसरीत आई दशहरी. ‘मल्लिका’चं फळ मोठं, लांबट. ‘आम्रपाली’चं झाड ठेंगणं, फळ लहान, पण दरवर्षी धरणारं आणि दाट लागवडीला योग्य. एकाच घरातल्या दोन बहिणी इतक्या वेगळ्या निघाव्यात यात आई कोण आणि बाप कोण याला फारसं महत्त्व नाही; मघाचे एक लाख कोटी मेळ आठवा.

‘जनुकात आहे, आता काय करणार’ हा दुसरा गैरसमज. वर्षाआड धरणं हापूसच्या रक्तातच आहे. तरीही कोकणातले बागायतदार पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बोलीभाषेत कल्टार, मुळाशी देऊन दरवर्षी मोहोर आणतात. ते औषध झाडातल्या जिबरेलिन या संप्रेरकाला आवर घालतं, पालवी थोपते, मोहोर फुटतो. जनुकं न बदलता गुण बदलला. किती द्यावं, झाडाला त्याची किंमत काय पडते, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे.

विविधता आटली की काय होतं हे जगाच्या बाजारात दिसतं. आपल्याकडची मलगोबा १८८९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला गेली. तिच्या कोयीपासून ‘हेडन’ हे लालसर झाड निघालं, आणि टॉमी अ‍ॅटकिन्स, केंट अशा निर्यातीच्या मोठ्या जातींपैकी कित्येक हेडनच्या गोतावळ्यातल्या. परदेशी दुकानांत दिसणारा लाल, टिकाऊ आंबा बराचसा एका घराण्याचा. एखादा रोग त्या घराण्याला जड गेला तर पर्याय बाहेरून आणावा लागेल. कोकणात पैशाची बाग तर एकाच जनुकसंचाची आहे. उद्या हिवाळा आणखी उबदार झाला, मोहोर उशिरा किंवा अर्धवट येऊ लागला, तर हापूसच्या आत निवड करून उपयोग नाही. तिथे निवडायला फरकच नाही. उष्णता सोसणारं, लवकर धरणारं, भुरी रोगाला दाद न देणारं जनुक जर कुठे असेल तर ते रायवळात असेल. महामार्ग रुंद होताना, लाकडासाठी, हापूसला जागा करताना तेच रायवळ तोडले जात आहेत. प्रत्येक रायवळ एकुलता एक असतो. तो तुटला की त्याचा मेळ पुन्हा जमण्याची शक्यता व्यवहारात शून्य.

काम वेगाने करण्याचा एक मार्ग आता खुला झाला आहे. २०२० मध्ये आंब्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तोही हापूसचा. रोप वीतभर असताना पान तोडून डीएनएच्या खुणा वाचायच्या आणि नको असलेली रोपं रोपवाटिकेतच वगळायची, हे शक्य आहे. पण कुठली खूण कुठल्या गुणाशी बांधलेली आहे हे शिकण्यासाठी शेकडो वेगवेगळी झाडं वर्षानुवर्षं मोजलेली लागतात. तंत्र नवं असलं तरी त्याचा कच्चा माल विविधताच.

त्यामुळे गावच्या घरामागे, वसईतल्या वाडीत किंवा विलेपार्ल्यातल्या जुन्या सोसायटीत एखादा खास रायवळ असेल, तर तो राखण्याचं काम घरगुती पातळीवरही होतं. तीन-चार महिन्यांची, टोकाचा डोळा फुगलेली काडी निवडावी, आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापावीत आणि जून ते ऑगस्टमध्ये कोवळ्या, तांबूस पानांच्या रोपावर कोय कलम बांधून घ्यावं. कोकणातल्या कुठल्याही चांगल्या रोपवाटिकेत हे करून मिळतं. एक कलम मूळ जागी न ठेवता दुसऱ्या गावी लावावं. काही वर्षं फळाचं वजन, धरण्याचा महिना आणि साका यांची वहीत नोंद ठेवावी. झाड खरोखर वेगळं ठरलं तर २००१च्या वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्याखाली शेतकऱ्याच्या नावाने त्या वाणाची नोंदणी करता येते.